आर्वो पॅर्ट ऐकताना: बडोद्याच्या श्रवणबैठकीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी महिन्यातून दोन शनिवारी पंधरा-वीस मंडळी जमतात आणि तासभर एखादी रचना नीट ऐकतात. सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते एस्टोनियाचे रचनाकार आर्वो पॅर्ट यांच्याबद्दल. काही जिन्यात चपला घालता घालता, काही फोनवर, बरेचसे रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर. मी दर वेळी थोडं वेगळं उत्तर देते आणि मग लोक ती उत्तरं एकमेकांत ताडून बघतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. पहिल्यांदा येणाऱ्यांनी सहाव्या प्रश्नापर्यंत वाचलं तरी पुरे.

१. हे पॅर्ट कोण? आणि नाव 'पार्ट' की 'पॅर्ट'?

'पॅर्ट'. 'बॅट'मधला ॲ. मराठीत हा स्वर आहे, त्यामुळे आपल्याला अडायचं कारण नाही.

जन्म ११ सप्टेंबर १९३५, एस्टोनियातल्या पाइडे गावी. बालपण राक्वेरे या दुसऱ्या लहान गावात. सगळ्या देशाची लोकसंख्या १३-१४ लाख, म्हणजे आपल्या बडोदा शहरापेक्षा कमी. ते लहान असताना देश सोव्हिएत संघात ओढला गेला. घरच्या पियानोच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या होत्या, म्हणून हा मुलगा अगदी खालच्या आणि अगदी वरच्या स्वरांवरच वाजवत बसायचा. गावच्या चौकातल्या भोंग्यावर रेडिओवरचं वाद्यवृंदाचं संगीत लागलं की सायकलवरून चौकाला फेऱ्या मारत ऐकायचा.

पुढे राजधानी ताल्लिनला हाइनो एलर यांच्याकडे रचना शिकले आणि १९६३ साली पदवी घेतली. त्याच काळात सुमारे दहा वर्षं रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी केली. जानेवारी १९८० मध्ये पत्नी नोरा आणि दोन मुलांसह देश सोडला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. २०१०च्या सुमारास मायदेशी परतले. ताल्लिनपासून साधारण ३५ किलोमीटरवर लाउलास्मा इथे पाइनच्या झाडीत त्यांच्या हस्तलिखितांचं केंद्र आहे. त्याची आजची इमारत २०१८ साली उघडली. अनेक वर्षं हयात रचनाकारांपैकी जगात सर्वाधिक वाजवलं गेलेलं नाव त्यांचं होतं. २०२५ साली त्यांना नव्वद वर्षं पूर्ण झाली.

२. 'कंपोजर' म्हणजे आपल्याकडचा बंदिशकार म्हणायचा का?

अर्धाच. बडोद्याचे गायक फैयाज़ खाँसाहेब यांनी 'प्रेमपिया' या नावानं बंदिशी बांधल्या, पण बंदिश हा मुखडा आणि सांगाडा. आलाप किती, बोलबढत कशी, ताना कुठे, हे गाणाऱ्यावर आणि त्या रात्रीवर सोडलेलं. खाँसाहेबांची तीच बंदिश दोन बैठकांत दोन तऱ्हांनी उभी राहायची.

पॅर्ट यांच्या कागदावर स्वर, त्यांची लांबी, जोर, कुठे किती थांबायचं, हे सगळं ठरलेलं असतं. वाजवणाऱ्यानं उपज, म्हणजे ऐन वेळी सुचलेली भर, करायची नसते. म्हणून इथे 'मैफल रंगली' या भाषेत बोलता येत नाही. आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्याला पहिल्या बैठकीत जो कोरडेपणा वाटतो, त्याचं कारण बहुतेक हेच असतं. तो कोरडेपणा दोन-तीन वेळा ऐकल्यावर जातो, असा माझा अनुभव. सगळ्यांचाच जातो असं नाही. आमच्या एका तबलजींचा अजून गेलेला नाही आणि ते तरीही दर वेळी येतात.

३. यात राग कुठला आहे?

हा प्रश्न दर बैठकीला येतो. राग नाही. स्वरसप्तक आहे. 'कांतुस' ही रचना ऐकताना आसावरी थाटाचे स्वर लागतात (ग, ध, नि कोमल), आणि 'श्पीगल इम श्पीगल'मध्ये बिलावलचे. पण वादी-संवादी, पकड, चलन यांतलं काही शोधायला जाऊ नका. 'हा जौनपुरी रागाचा अंग दिसतोय' असं एकदा कोणी म्हणालं की पुढची दहा मिनिटं सगळी खोली जौनपुरी शोधत बसते आणि रचना बाजूला राहते. माझ्याच घरी झालंय, आणि ते वाक्य माझंच होतं.

तुम्ही रागदारी ऐकत आला असाल तर तुमच्या कानाचा एक भाग इथे फार उपयोगी आहे आणि दुसरा फार आड येतो. उपयोगी भाग कोणता, ते पुढच्या उत्तरात.

४. मागे तानपुऱ्यासारखं सतत काहीतरी वाजतं ते काय?

तुमचा कान बरोबर आहे. 'फ्रात्रेस' (१९७७) या रचनेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सा-पची जोडी अखंड धरलेली असते. आधार देते, आणि बदलत नाही. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ही बैठक लगेच सापडते. फक्त पियानो शिकलेल्या मुलांना मी ती आधी दाखवून देते.

बाकीच्या रचनांत असा सरळ आधारस्वर नसतो, पण सा-ग-प या तीन स्वरांचा नाद कुठेतरी घुमत राहतो. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो आठवा. सा, ग आणि प हे नादातच दडलेले स्वर. पॅर्ट त्यांना वर काढतात आणि एका वेगळ्या आवाजाला देऊन टाकतात. तेच त्यांचं तंत्र.

५. 'टिनटिनाबुली' म्हणजे काय? पेटीवर दाखवता येईल का?

लॅटिनमध्ये लहान घंटेला टिनटिनाबुलुम म्हणतात, त्यावरून. घंटेवर टोला पडल्यावर नाद एकाच ठिकाणी घुमत राहतो, तसं. आणि हो, पेटीवर दाखवता येतं. दोन माणसं लागतात.

पहिल्या माणसानं साधी सुरावट वाजवायची, शेजारच्या स्वरावरून शेजारच्या स्वरावर: सा रे ग म प ध नि, यातले ग, ध, नि कोमल. उड्या नाहीत, मींड नाही. दुसऱ्याला फक्त तीनच स्वर वापरायची परवानगी: सा, कोमल ग आणि प, कुठल्याही सप्तकातले. नियम असा की पहिल्याचा स्वर जिथे असेल, त्याच्या खालचा सगळ्यात जवळचा, या तिघांतला स्वर दुसऱ्यानं त्याच क्षणी लावायचा, पण तोच स्वर लावायचा नाही. तुम्ही रे लावलात तर तो सा लावेल. तुम्ही म लावलात तर कोमल ग. तुमचा ध आला तर त्याचा प. तुम्ही सा वर आलात तर तो मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमावर उतरेल.

करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. रे आणि सा एकत्र वाजले की घासतात. लगेच पुढे कोमल ग आणि सा येतात आणि सैल पडतं. टोचणं आणि सैल पडणं हे कोणी भावनेनं ठरवलेलं नाही, नियमातून आपोआप येतं. पॅर्ट यांच्या संगीतात जे दुःख ऐकू येतं म्हणतात, त्याचा बराच भाग या घासण्यात आहे. दुसरा आवाज वरच्या बाजूचा स्वर धरू शकतो, एक सोडून पलीकडचाही धरू शकतो, किंवा आळीपाळीनं वर-खाली. रचनेच्या सुरुवातीला काय ठरलं असेल ते.

नोरा पॅर्ट यांनी हे सूत्र 'एक अधिक एक बरोबर एक' असं मांडलं आहे. दोन आवाज, पण ऐकू यायला हवा एक. आमच्याकडे एका निवृत्त गणिताच्या सरांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

या पद्धतीची पहिली रचना 'फ्युर अलिना', १९७६, पियानोवर जेमतेम दोन-तीन मिनिटांची. अलिना ही ओळखीच्या घरातली तरुण मुलगी, शिकायला लंडनला गेलेली; मागे राहिलेल्या आईसाठी ही रचना. कागदावर तालाचं चिन्ह नाही. काळी टिंबं म्हणजे आखूड स्वर, पांढरी म्हणजे लांब. ओळीगणिक एकेक स्वर वाढत जातो आणि मग एकेक कमी होतो. पेटीवर नियम कळतो, पण ही रचना पेटीवर शोभत नाही: पियानोत पेडल दाबून ठेवलेलं असतं, सगळ्या तारा मोकळ्या असतात आणि मागचे स्वर पुढच्यात विरघळत जातात. भात्याचा आवाज तसा विरघळत नाही.

६. पहिल्यांदा काय ऐकू?

'श्पीगल इम श्पीगल', १९७८, व्हायोलिन आणि पियानो. नावाचा अर्थ आरशात आरसा. पियानो सा-ग-पचे तुटक स्वर शांतपणे मोजत राहतो. व्हायोलिनचं घर शुद्ध गंधार. एक वाक्य खालून गंधारावर येतं, मग त्याचं आरशातलं रूप वरून गंधारावर उतरतं, आणि दर फेरीत एक स्वर वाढतो: रे ग, म ग, सा रे ग, प म ग, असं. लहान मुलांच्या अलंकारासारखं. कळायला काहीच कठीण नाही, आणि आठ-नऊ मिनिटं संपल्यावर कोणाला लगेच बोलावंसं वाटत नाही.

त्यानंतर 'कांतुस', मग 'फ्रात्रेस', मग 'तबुला रासा'. 'पासिओ' शेवटी: सत्तर मिनिटं सलग आहे आणि मध्ये उठायला जागा नाही.

घरी ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. 'कांतुस' इतक्या हळू आवाजात सुरू होतं की पहिली घंटा मोबाइलवर ऐकूच येत नाही. पंखा बंद करता आला तर उत्तम. मे महिन्यात यावर आमच्यात रीतसर मतदान झालं आणि पंखा जिंकला. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास आणि नवरात्रातल्या नऊ दिवसांत पॅर्ट लावायचा प्रयत्न करू नका. त्या दिवसांत आपणही बैठक ठेवत नाही.

७. 'कांतुस'मध्ये मध्यावर सगळं एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. मला काही चुकतंय का?

नाही, आणि ही रचना रागदारी ऐकणाऱ्यांना समजावणं मला सगळ्यात सोपं जातं.

इंग्रज रचनाकार बेंजामिन ब्रिटन ४ डिसेंबर १९७६ रोजी गेले. पॅर्ट यांना त्यांना भेटायचं होतं, ते राहून गेलं. १९७७ साली त्यांच्या स्मरणार्थ तंतुवाद्यं आणि एकच घंटा यांच्यासाठी हे लिहिलं. सगळ्या रचनेत सामान किती? आसावरी थाटाचा एक अवरोह. बस. आधी फक्त वरचा सा. मग सा नि. मग सा नि ध. दर वेळी वरून सुरू करून एक पायरी जास्त उतरायचं.

आता हा अवरोह पाच थर एकाच वेळी उतरतात, वेगवेगळ्या लयीत. पहिली व्हायोलिनं सगळ्यात जलद. दुसरी व्हायोलिनं त्याच्या निम्म्या लयीत. व्हिओला त्याच्या निम्म्या, चेलो त्याच्याही निम्म्या, आणि डबल बास, सगळ्यात खालच्या सुरांचं वाद्य, पहिल्याच्या सोळापट संथ. धृपदियांची ठाय, दुगुन, चौगुन, आठगुन (मूळ लय, मग दुप्पट, चौपट, आठपट) तुम्ही ऐकली आहे, पण एकामागून एक. इथे त्या एकावर एक ठेवल्या आहेत. म्हणून मध्यावर गोंधळ वाटतो. एकदा नुसता डबल बास धरून ऐका, वरचं सोडून द्या. तो माणूस सगळ्या रचनेत एकच अवरोह उतरतोय आणि त्याला घाई नाही.

शेवटी सगळे थर आपापल्या तळाला पोचून थांबतात, मोठ्या आवाजात बराच वेळ एकच नाद धरतात आणि एकदम सुटतात. त्याआधीच घंटेवर एक हलका टोला पडलेला असतो, वाद्यांच्या आवाजाखाली झाकलेला. वाद्यं थांबली की तो ऐकू येतो. मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरात गर्दी ओसरल्यावर कधी थांबला असाल तर तुम्हाला हे माहीत आहे.

८. मध्ये आठ वर्षं ते काहीच लिहीत नव्हते म्हणतात. खरं का?

बरंचसं खरं, पण 'काहीच' नाही. ही गोष्ट सांगताना लोक थेट १९७६वर येतात आणि आधीचा माणूस विसरतात.

तरुण पॅर्ट बंडखोर रचनाकार होते. १९६० साली 'नेक्रोलोग' लिहिलं, बारा स्वरांना समान हक्क देणाऱ्या पद्धतीचं, एस्टोनियात तसं पहिलंच. सरकारी मंडळींनी झोडपलं. १९६८ साली 'क्रेडो' आलं. त्यात बाखचं एक शांत प्रास्ताविक घेऊन ते हळूहळू गोंगाटात मोडून टाकलं आहे आणि मग परत उभं केलं आहे. सरकारला खटकला तो गोंगाट नव्हे, तर येशूवरच्या श्रद्धेचं उघड लॅटिन वाक्य. कार्यक्रम झाला, नंतर रचनेवर बंदी आली आणि पॅर्ट यांची कामं कमी झाली.

पण अडचण फक्त सरकारची नव्हती. जुन्या पद्धतीनं लिहावंसं वाटत नव्हतं आणि नवीन सापडत नव्हतं. त्या काळात त्यांनी मध्ययुगीन चर्चमधलं एकसुरी गायन आणि सुरुवातीची बहुस्वर रचना यांचा अभ्यास केला. रोज वह्यांच्या वह्या सुरावटींनी भरल्या. १९७१ साली तिसरी सिंफनी झाली, पोटासाठी चित्रपटांचं संगीत चालू होतं. १९७२ साली नोरांशी लग्न आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेश.

त्या दिवसांतली एक आठवण ते स्वतः सांगत आले आहेत. घरासमोर रस्ता झाडणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं, रचनाकारानं संगीत कसं लिहावं? तो आधी चकित झाला, मग म्हणाला की त्याला प्रत्येक आवाजावर प्रेम करावं लागेल. आपल्याकडे एका सा वर वर्षभर बसवणारे गुरू झाले. त्यांना या उत्तरात नवीन काही वाटलं नसतं.

९. हे सगळं भारतीय संगीतावरून घेतलं आहे का?

नाही. साम्य आहे, देणं नाही. त्यांची वाट मध्ययुगीन चर्चमधून आली.

भारतातून थेट घेणारे दुसरे. अमेरिकन रचनाकार फिलिप ग्लास यांनी पॅरिसमध्ये रविशंकरांबरोबर काम केलं आणि तालाची बेरीज त्यांना तिथे सापडली. दुसरे अमेरिकन रचनाकार टेरी रायली हे गायक पंडित प्राणनाथांचे गंडाबंध म्हणावे असे शिष्य. बाहेर या सगळ्यांना 'मिनिमलिस्ट' (थोडक्या सामानात रचना करणारे) या एका टोपलीत घालतात आणि पॅर्ट, पोलंडचे गुरेत्स्की, इंग्लंडचे टॅव्हनर यांच्यापुढे 'पवित्र' हे विशेषण लावतात. टोपली सोयीची आहे, उपयोगाची नाही.

भारताशी एक आडवळणाचा धागा मात्र आहे. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचं 'मार्सियस' हे अवाढव्य शिल्प लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागलं होतं. ते पाहून पॅर्ट यांनी पियानो आणि वाद्यवृंदासाठी 'लामेंताते' लिहिलं आणि २००३ साली ते त्याच शिल्पाखाली वाजलं.

१०. हे ख्रिस्ती भक्तिसंगीत आहे ना? मग आपण ते का ऐकायचं?

ते स्वतः श्रद्धाळू आहेत आणि निम्म्याहून अधिक काम प्रार्थनांच्या शब्दांवर आहे. लॅटिन, चर्चची जुनी स्लाव्होनिक, इंग्रजी, जर्मन. हे लपवून ऐकण्यात अर्थ नाही. पण दर्ग्यातली कव्वाली आणि वैष्णव हवेलीतलं कीर्तन दोन्ही ऐकणाऱ्या गावाला हा प्रश्न मी फार वेळ पडू देत नाही.

त्यापेक्षा शब्द आणि स्वर यांचं नातं बघा. गायनाच्या रचनांत शब्दात अक्षरं किती, जोर कुठे, विरामचिन्ह कोणतं, यावर सुरावट ठरते. लांब शब्दाला लांब वाट, स्वल्पविरामाला थांबा. मोठ्या अभंगाचा साचा आपण सहा-सहा-सहा-चार असा अक्षरं मोजून शिकलो; चालीआधी मोजणी येते हे आपल्याला सांगावं लागत नाही. १९८२च्या 'पासिओ'मध्ये येशूच्या यातनांची सगळी कथा याच मोजणीवर चालते.

ते राजकारणाबाहेर आहेत असंही समजू नका. ११ मार्च २००४ला माद्रिदच्या रेल्वेत स्फोट झाले, त्यानंतर दोन दिवसांत त्यांनी 'दा पाचेम दोमिने' लिहायला घेतलं. २००८ची चौथी सिंफनी तेव्हा रशियात तुरुंगात असलेले उद्योगपती मिखाइल खोदोरकोव्स्की यांना अर्पण केली आहे.

११. झोपताना किंवा योगवर्गात लावायला कुठली चांगली?

कुठलीच नाही, असं मी म्हणते, आणि यावरून माझ्याशी भांडणारे आहेत. 'श्पीगल इम श्पीगल' किती चित्रपटांत आणि जाहिरातींत मागे वाजलं याची गणती नाही, त्यामुळे लोकांना ते सुगंधी उदबत्तीसारखं वाटतं. पाचवं उत्तर वाचून पेटीवर दहा मिनिटं काढा, मग पुन्हा लावा. झोप येणार नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मरणाच्या दारातल्या रुग्णांनी 'तबुला रासा'चा दुसरा भाग पुन्हा पुन्हा मागितल्याच्या गोष्टी शुश्रूषा करणाऱ्यांनी सांगितल्या आहेत. तिथे मी वाद घालणार नाही.

१२. फैयाज़ खाँसाहेबांच्या गावात हे खूळ कशाला?

याच गावात १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गायक मौलाबक्ष यांनी संगीतशाळा काढली, स्वरलेखनाची पद्धत बसवली, आणि त्यांचा मुलगा लंडनला जाऊन तिकडचं संगीत शिकून आला. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली भरवली, तीही इथेच. लिहिलेलं संगीत या गावाला परकं नाही. खूळ जुनं आहे.

१३. 'फ्रात्रेस' शोधलं तर दहा वेगवेगळी मिळाली. खरं कुठलं?

सगळी खरी. मुळात १९७७ साली ती जुनं संगीत वाजवणाऱ्या होर्तुस मुसिकुस या ताल्लिनच्या संचासाठी लिहिली तेव्हा वाद्यं पक्की ठरवलेलीच नव्हती. पुढे व्हायोलिन-पियानो, बारा चेलो, तंतुवाद्यं आणि तालवाद्य असे अनेक अवतार पॅर्ट यांनीच केले. व्हायोलिनच्या अवतारात सुरुवातीला जलद, आडव्यातिडव्या हालचाली आहेत, बाकीच्या बऱ्याच अवतारांत नाहीत. मला चेलोंचा आवडतो. त्यात चौथ्या उत्तरातला सा-प शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू येतो.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. दुसऱ्या उत्तरात म्हटलं की वाजवणाऱ्याला उपजेची मुभा नाही. पण वाद्य कोणतं, याची मुभा आहे. आपल्याकडे नेमकं उलट असतं.

१४. नियम एवढे पक्के असतील तर कॉम्प्युटरही असं लिहील की!

लिहील. आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलानं एका दुपारी लिहून आणलं आणि ते ऐकायला वाईट नव्हतं. पण 'फ्युर अलिना'चा कागद बघा. दुसरा आवाज सगळीकडे आपले तीन स्वर इमानानं लावत जातो आणि अकराव्या ओळीत एकाच ठिकाणी तिघांबाहेरचा स्वर लावतो. त्या जागी पॅर्ट यांनी कागदावर छोटंसं फूल काढलं आहे. मुलाच्या प्रोग्रॅममध्ये फूल नव्हतं. तो म्हणाला, घालता येईल. कुठे, हे त्याला ठरवता आलं नाही.

१५. १९७६च्या आधीचं ऐकावं का?

हो, पण नंतर. 'क्रेडो' एकदा तरी ऐका (आठवं उत्तर). कानठळ्या बसतील. शांत सुरावटीकडे वळलेला माणूस कुठल्या गोंगाटातून आला ते कळतं.

१६. मुलीच्या अरंगेत्रमला (भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाला) 'श्पीगल' लावलं तर चालेल का?

नाचायला चालेल का, हे गुरूंना विचारा. हक्कांचं मी सांगते. रचनाकाराचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं, असा आपल्याकडचा कायदा आहे, म्हणजे या रचना मोकळ्या नाहीत. प्रकाशन व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनकडे आहे. ध्वनिमुद्रणाचे हक्क त्याशिवाय वेगळे. घरी ऐकायला काही लागत नाही. सभागृह घेऊन कार्यक्रम करायचा तर आधी परवाना विचारा, आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकणार असाल तर नक्कीच. लांबीही बघा: रचना मध्येच तोडली तर आरशाची दुसरी बाजू तुटते.

१७. 'तबुला रासा'ची फाईल शेवटी कापली गेली आहे. पुन्हा पाठवाल का?

हा निरोप मला आजवर सात जणांकडून आला आहे.

दोन व्हायोलिनं, तंतुवाद्यं आणि तारांमध्ये स्क्रू अडकवलेला पियानो. ३० सप्टेंबर १९७७ रोजी ताल्लिनला पहिल्यांदा वाजलं. व्हायोलिनवर गिदोन क्रेमर आणि तात्याना ग्रिंदेंको, आणि तो पियानो वाजवायला आल्फ्रेद श्निटके, स्वतः नामांकित रचनाकार. १९८४ साली याच नावाची तबकडी ईसीएम या जर्मन ध्वनिमुद्रण कंपनीनं काढली आणि पॅर्ट हे नाव जगभर गेलं.

दुसऱ्या भागाचं नाव 'सिलेंतिउम', म्हणजे शांतता. सगळे आवाज हळूहळू पसरत जातात, मग एकेक गळून पडतो. उरतो फक्त डबल बास, पायरी पायरीनं उतरणारा. तो रे पर्यंत येतो. सा यायला हवा. येत नाही. कागदावर त्याच्या जागी शांततेच्या मात्रा लिहिलेल्या आहेत आणि त्या संपेपर्यंत वाजवणाऱ्यांनी हलायचं नसतं.

आमच्याकडे पहिल्यांदा लावलं तेव्हा एका आजींनी, सुरसागरच्या काठावरच्या कॉलेजात एकेकाळी गाणं शिकलेल्या, तो सा अगदी हळू, ओठ मिटून लावून टाकला. त्यांना कळलंही नव्हतं. फाईल पूर्ण आहे. शेवटी ऐकू न येणारा भाग आहे तोही रचनेतलाच, तेवढा कापू नका.